‘सर्वेक्षण करण्यात आले’. पण केलं कोणी?

(या भागाची ही लिखित प्रत. बोलताना अडखळलेले शब्द आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या दोन महिन्यांत इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच: “ताई, पीएचडी होत आली. कॉलेजात जागा निघत नाहीत. बाहेर नोकरी शोधायची तर सांगायचं काय? मला येतं काय?”

मला त्यातलं शेवटचं वाक्य टोचलं. एकाच गोष्टीवर पाच-सहा वर्षं घासलेली माणसं विचारतायत, मला येतं काय. हसू नका, मीही अगदी हेच विचारत होते.

मी अर्थशास्त्रातली. विषय कांदा. प्रबंधाचं शीर्षक सांगते, श्वास धरा: ‘नाशिक जिल्ह्यातील अल्पभूधारक कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या विपणनविषयक निर्णयप्रक्रियेचा चिकित्सक अभ्यास: विशेष संदर्भ निफाड व येवला तालुका’. आईला हे शेवटपर्यंत पाठ झालं नाही. ती शेजारच्या काकूंना सांगायची, “आमची कांद्यात डॉक्टर होतेय.” खरं सांगू? माझ्यापेक्षा तिलाच विषय नीट सांगता यायचा.

व्हायव्हा झाल्यावर वर्षभर दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं. ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको. सुट्टी आली की तास बंद, तास बंद की मानधन बंद, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते कारकुनालाच ठाऊक. त्यातच २०२३ मध्ये यूजीसीने सहाय्यक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट-सेट ही किमान पात्रता ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. सेट माझी झालेली होती, पण जागाच नव्हती. वडील रोज जेवताना विचारायचे, “काय गं, जाहिरात आली का?” एक दिवस मी म्हणाले, “पप्पा, मी बाहेर बघते.” ते काहीच बोलले नाहीत. ताट उचलून धुवायला गेले. आमच्या घरात तोवर त्यांनी स्वतःचं ताट कधी धुतलं नव्हतं.

तर बाहेर बघायला लागले.

पहिली मुलाखत पुण्यात, बाणेरला. शेतमाल तारण ठेवून कर्ज देणाऱ्यांना बाजाराची माहिती पुरवणारी कंपनी. मला वाटलं, ही नोकरी माझीच. समोर दोघे, त्यातला एक माझ्याच वयाचा. म्हणाला, “मॅडम, तुमच्या रिसर्चबद्दल थोडं सांगा ना.”

आणि मी सुरू झाले. “प्रस्तुत संशोधनात दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांची निवड करण्यात आली. त्यासाठी बहुस्तरीय यादृच्छिक नमुना निवड पद्धतीचा अवलंब करण्यात आला. तदनंतर प्रश्नावलीच्या माध्यमातून माहिती संकलित करण्यात आली...”

तदनंतर! जिवंत माणसासमोर बसून मी ‘तदनंतर’ म्हणाले.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे सगळं केलं कोणी?”

मी म्हटलं, “मी.”

“एकटीने?”

“हो, म्हणजे जवळजवळ.”

“मग तसं सांगा की.”

आणि पुढचा प्रश्न: “सोमवारी जॉइन झालात, तर पहिल्या महिन्यात आमच्यासाठी काय कराल?” मी म्हटलं, “आधी पूर्वसंशोधनाचा आढावा घेईन.” दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुढे चहा आला, बिस्किटं आली, नोकरी आली नाही.

परतीच्या बसमध्ये त्याचं ते एक वाक्य डोक्यातून जाईना. हे सगळं केलं कोणी? घरी येऊन प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं. संशोधन पद्धती. आणि लक्षात आलं की त्या अख्ख्या प्रकरणात माणूसच नाही. निवड करण्यात आली, भेटी देण्यात आल्या, पडताळणी करण्यात आली, निष्कर्ष काढण्यात आले. कांदा आहे, शेतकरी आहे, तक्ते आहेत. मी कुठेच नाही.

आता हे प्रबंधात चुकीचं असतं असं मी म्हणत नाही. तिथे तसंच लिहायचा रिवाज आहे आणि त्यामागे विचारही आहे: हे काम कोणीही याच पद्धतीने केलं तरी हेच उत्तर यावं. आणि मराठीत ती सोय फार छान आहे, ‘-ण्यात आले’ लावलं की करणारा गायब. पण पाच वर्षं तसं लिहून लिहून आपण बोलायलाही तसंच लागतो, आणि मग स्वतःबद्दल विचारही तसाच करायला लागतो. नोकरी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं जे आपण खोडलेलं असतं. कोणी ठरवलं, का ठरवलं, आणि बिघडलं तेव्हा त्या माणसाने काय केलं.

म्हणून एक उद्योग सांगते. मी केलेला आहे, एक संध्याकाळ लागते. संशोधन पद्धतीचं प्रकरण प्रिंट काढा. ‘करण्यात आले’ दिसेल तिथे पेनने रेघ मारा आणि खाली ‘मी’ घालून वाक्य पुन्हा लिहा. ‘नमुना निवडण्यात आला’ याचं ‘मी ही गावं निवडली’. माझ्या त्या प्रकरणात अशी सत्तेचाळीस वाक्यं निघाली.

गंमत पुढे आहे. त्यातल्या नऊ वाक्यांखाली मला ‘मी’ लिहिता येईना. कारण ते मी केलंच नव्हतं. नमुन्याचं सूत्र सीनियरच्या प्रबंधातून जसंच्या तसं उचललेलं. एक चाचणी सरांनी सांगितली म्हणून लावलेली, ती का लावली हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. ती नऊ वाक्यं मी बाजूला ठेवली. ती माझी कौशल्यं नव्हती, मुलाखतीत त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. उरली अडतीस. प्रत्येकापुढे लिहिलं: का? आणि या ‘का’चं उत्तर प्रबंधात नव्हतं. ते सापडलं माझ्या फील्डच्या वहीत, त्या डाग पडलेल्या दोनशे पानी वहीत.

त्यातलं एकच सांगते, पण पूर्ण सांगते.

प्रबंधातलं वाक्य असं होतं: ‘प्राथमिक माहितीची उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे पडताळणी करण्यात आली.’ बस. एक ओळ.

वहीत काय होतं? पहिल्या हंगामात मी प्रश्नावली घेऊन फिरत होते. सतरावा प्रश्न होता: गेल्या हंगामात उन्हाळ कांद्याला सरासरी काय भाव मिळाला? लोक पटापट आकडा सांगायचे, मी लिहून घ्यायचे. चाळीसेक घरं झाली. लासलगावला ज्या खोलीवर राहायचे तिथे एका रात्री हे आकडे बाजार समितीच्या भावांशी लावून बघितले, तर माझे सगळेच शेतकरी सरासरीच्या वर. असं कसं होईल? सगळेच वर्गात पहिले कसे येतील?

दुसऱ्या दिवशी विंचूरच्या बाजूला एका वस्तीवर एक आजोबा भेटले. त्यांनी सांगितलं, क्विंटलला अठराशे. मी सहज म्हटलं, “बाबा, पट्टी आहे का हो?” त्यांनी सुनेला हाक मारली. तिने खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. आत त्या हंगामातल्या सात हिशेबपट्ट्या. अठराशेची एक होती, अगदी खरी. पण ती एकाच ट्रॅक्टरची. बाकीच्या हजार-अकराशेच्या, आणि गोल्टीची तर साडेपाचशेची. आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लक्षात चांगला दिवस राहिला होता. आपणही तेच करतो की, दहावीचे मार्क विचारले की गणिताचे सांगतो.

मग मी प्रश्न बदलला. ‘भाव किती मिळाला’ याऐवजी ‘पट्ट्या दाखवता का’. आणि आधीच्या चाळीस घरी परत गेले. तीन आठवडे गेले त्यात. सर वैतागले, “अगं, आता मागे कशाला जातेस? सबमिशन कधी करणार?” एका वस्तीवर कुत्रं मागे लागलं, स्कूटी घसरली, गुडघा फुटला. आणि एवढं करून काही घरी पट्ट्या मिळाल्याच नाहीत, कारण त्यांनी माल समितीत नेलाच नव्हता. व्यापाऱ्याने शिवारात येऊन उचललेला. शिवार खरेदी, सगळा व्यवहार तोंडी. त्या घरांचे आकडे मी वेगळे काढले आणि त्यापुढे लिहिलं, हे आठवणीतले आहेत, जपून वापरा.

आता सांगा, यात काय काय येतं? आकडे संशयास्पद दिसले ते ओळखणं. कारण शोधणं. उत्तर देणाऱ्याला खोटारडा न ठरवता प्रश्न बदलणं. केलेलं काम पुन्हा करायची तयारी. आणि जे पक्कं नाही त्यावर ‘पक्कं नाही’ अशी चिठ्ठी लावणं. हे कुठल्याही बँकेला, विमा कंपनीला, सर्व्हे करणाऱ्या संस्थेला हवं असतं. आणि मी ते एका ओळीत पुरून टाकलं होतं, वर ‘करण्यात आली’ची माती लोटून.

हे कळलं म्हणजे मी लगेच शहाणी झाले असं नाही. उलट दुसऱ्या टोकाला गेले. इंटरनेटवर रेझ्युमेचे सल्ले वाचले आणि लिहिलं, ‘फील्ड टीमचं नेतृत्व केलं’, ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’. दुसऱ्या मुलाखतीला समोर एक मॅडम होत्या, वयाने मोठ्या, अगदी गोड आवाजात विचारलं, “टीम किती जणांची होती?”

“दोन.”

“त्यांना पगार कोण द्यायचं?”

पगार? एमएची दोन पोरं होती. मी त्यांना एसटीचं भाडं आणि मिसळ द्यायचे. सांगावंच लागलं. मॅडम हसल्या, वाईट नाही हसल्या, पण माझे कान तापले. आणि वाईट याचं वाटलं की त्या मोठ्या शब्दाखाली एक खरी गोष्ट होती. त्या दोघांना मी फॉर्म भरायला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी एकाच घरची माहिती वेगवेगळी घेतली आणि रात्री तिन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघितले, कुठे फरक पडतोय. घरात माणसं किती, यावरच आमचं जुळेना, कारण कामाला मुंबईला गेलेला मुलगा एकाने धरला होता, दुसऱ्याने नाही. ते ठरवल्यावरच पुढे गेलो. हे मी लिहिलं नव्हतं, कारण ते फार छोटं वाटलं. ‘नेतृत्व’ लिहिलं, कारण ते मोठं वाटलं.

तिसरी मुलाखत नाशिकलाच, सरकारी आणि खासगी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेत. तिथल्या सरांनी प्रबंधाचं नावही विचारलं नाही. पहिलाच प्रश्न: “लोक तुम्हाला खरं सांगतायत की नाही, हे कसं ओळखता?” मी आजोबांच्या पिशवीची गोष्ट सांगितली. तीन मिनिटं. त्यांनी लगेच विचारलं, “आणि शिवार खरेदीवाल्यांचं काय केलंत?” हा प्रश्न मला माझ्या व्हायव्हालासुद्धा कोणी विचारला नव्हता! मग त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला, एक्सेलमध्ये सहाशे ओळींचा गचाळ डेटा, दोन तास, यातल्या चुका शोधा. नोकरी मिळाली. आता यात नशीबही होतं, ते लपवत नाही. त्यांना नाशिक जिल्ह्यात गाडीवर फिरणारं माणूस तातडीने हवं होतं आणि माझ्याकडे स्कूटी होती, थोडी चेपलेली.

बायोडेटाचं पटकन सांगते. माझा चार पानी होता. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद वाचन, आणि मग चर्चासत्रांतल्या सहभागाची तेवीस प्रमाणपत्रं. ती काढून टाकताना जीव तुटतो, माहितीये. कॉलेजच्या मुलाखतीसाठी वेगळी फाइल ठेवा, तिथे ती लागतात. बाहेरच्यासाठी दोन पानं पुरे. आणि प्रबंधाचं शीर्षक सगळ्यात वर टाकू नका. मी नंतर असं लिहायला लागले: ‘कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा, हे लहान शेतकरी कसं ठरवतात याचा दोन हंगाम अभ्यास केला. घरोघरी जाऊन सांगितलेले भाव हिशेबपट्ट्यांशी ताडून बघितले आणि न जुळणारे आकडे वेगळे केले.’ अधिकृत शीर्षक खाली, शिक्षणाच्या रकान्यात. ते खोडू नका, कागदपत्रं तपासताना जुळायला हवं.

सोबत कामाचा एक नमुना द्या. अख्खा प्रबंध पाठवू नका, कोणी उघडत नाही. दोन पानांची टिपण, एक आलेख, साध्या भाषेत. पण एक गोष्ट कटाक्षाने: ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं, फोन, गट नंबर त्यात दिसता कामा नये. त्यांनी ते तुमच्या अभ्यासासाठी दिलंय, तुमच्या नोकरीसाठी नाही. आणि समोरच्याने ते बघितलं की त्यालाही कळतं, उद्या आपल्या ग्राहकांची माहिती हे माणूस कशी सांभाळेल.

मग विचारता, “ताई, अशा नोकऱ्या असतात कुठे?” एक ठिकाण मला आतून माहीत आहे म्हणून त्याच्यावर जरा थांबते. २०१३चा कंपनी कायदा आहे, त्यातलं कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. त्यालाच आपण सीएसआर म्हणतो. २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपनीवर हा खर्च सरासरी १० कोटी किंवा जास्त येतो, तिने आपल्या १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं, प्रकल्प पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणामांचं मूल्यमापन करून घ्यायचं. म्हणजे कोणीतरी गावात जाऊन विचारायचं: बंधारा बांधला, त्याने काय झालं? शाळेत टॅब दिले, ते कपाटात आहेत की पोरांच्या हातात? हे ‘कोणीतरी’ म्हणजे आपणच. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, सगळ्यांनी कान टवकारा.

जाहिरातीत ‘कोबो टूलबॉक्स’ असा शब्द दिसेल आणि तुम्ही फॉर्म कागदावर भरलेले असतील. म्हणून टॅब बंद करू नका. कोबो म्हणजे मोबाइलवर फॉर्म भरायची सोय, नेटवर्क नसलं तरी चालते, साध्या वापरासाठी फुकट आहे. आपली जुनी प्रश्नावली एका रविवारी त्यात चढवा, घरातल्या चार जणांकडून भरून घ्या. मुलाखतीत खरं तेच सांगा, “संशोधन कागदावर केलं, कोबो स्वतः शिकून वापरून बघितलंय.” प्रश्न कसा विचारावा हे ज्याला येतं, त्याला बटण कुठलं दाबायचं ते शिकायला वेळ लागत नाही. उलटं मात्र होत नाही.

विज्ञानवाले म्हणतील, आमचं काय? माझी हॉस्टेलची मैत्रीण रसायनशास्त्रातली. दोन वर्षं तिची एक रिअॅक्शन होईचना. ती म्हणायची, “माझं काहीच झालं नाही गं, मी काय दाखवू?” पण तिच्या प्रयोगवहीत रोजची तारीख, रोजचं वजन, रोज काय बदललं ते लिहिलेलं. त्यावरून मागे मागे जाऊन तिने पकडलं की सॉल्व्हेंटमध्ये ओलावा राहत होता. आज ती औषध कंपनीत आहे आणि दिवसभर हेच करते, बॅच बिघडली की कागद मागे मागे वाचत जाते. न झालेले प्रयोग लपवू नका. आणखी एक रस्ता पेटंटचा. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते. तिथलं मोठं काम काय, तर असलं काही जगात आधी कोणी केलंय का ते शोधायचं. म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा! बाणेरला ज्या वाक्यावर माझी नोकरी गेली, त्याच वाक्यावर तिथे पगार मिळतो.

आणि मराठीतून पीएचडी करणाऱ्यांनी तर स्वतःला अजिबात कमी समजू नये. तुमच्या फोनवरच्या कुठल्याही अॅपचं मराठी उघडा, अर्ध्या वेळा वाटतं की हे कोणी मंगळावरून लिहिलंय. ‘सबमिट’ला ‘सादर करा’ म्हणायचं की ‘पाठवा’, आणि ते चंदगडच्या बाईला आणि गोंदियाच्या मुलाला सारखंच कळेल का, हा निर्णय बोलीभाषांवर काम केलेला माणूसच घेऊ शकतो. केंद्र सरकारचं भाषिणी २०२२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून भारतीय भाषांचा मजकूर आणि आवाज गोळा करायचं, तपासायचं काम किती वाढलंय ते माझ्या आसपास मला दिसतंय.

आता कडू भाग. बाहेर गेल्यावर काय सोडावं लागतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात करतेय असं होईल.

एक म्हणजे वेग. प्रबंधात आपण एका आकड्यावर सहा महिने बसतो. इथे शुक्रवारी उत्तर हवं असतं. पहिल्या वर्षी मला रात्री झोप यायची नाही, की हे अर्धवट दिलं, हे अर्धवट दिलं. मग शिकले, उत्तरासोबत लिहायचं की यावर माझा किती भरवसा आहे.

दुसरं जास्त अवघड. एका अहवालात मी लिहिलं होतं की दिलेल्या शिलाई मशीनपैकी बऱ्याच विकल्या गेल्यात. फोन आला, “मॅडम, तो परिच्छेद काढता येईल का?” विद्यापीठात असा फोन येत नाही. म्हणजे येतो, पण वेगळ्या कारणांनी, ते जाऊ द्या. मी आकडा काढला नाही. पण भाषा मवाळ केली, आणि बायकांनी मशीन का विकल्या, घरात कोण आजारी होतं, हे खाली जोडलं. ते बरोबर केलं का? माहीत नाही. तो अहवाल मी अजून अधूनमधून उघडून बघते.

आणि पगार. विचारतील, “अपेक्षा किती?” मी पहिल्यांदा म्हटलं, “तुम्ही द्याल ते.” कृपा करून असं म्हणू नका. जेआरएफ असलेल्यांना २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, पण कितीतरी जण विनाफेलोशिप पीएचडी करतात, त्यांना कुठलाही आकडा मोठाच वाटतो आणि समोरच्याला ते चेहऱ्यावर दिसतं. त्या कामाला त्या शहरात काय देतात, हे तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना आधी विचारून जा. लाजू नका. शेतकऱ्याला त्याचं उत्पन्न विचारताना आपण लाजलो होतो का?

शेवटी एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज. नाव सांगत नाही, मराठवाड्यातला आहे, इतिहासात पीएचडी, मोडी कागदपत्रांवर. म्हणाला, “ताई, आमच्याकडे ना सर्व्हे, ना एक्सेल, ना प्रयोगशाळा. आमचं कोण घेणार?”

मी त्याला फोनच केला. विचारलं, “दिवसाला काय करायचास रे?” म्हणाला, “काही नाही, रुमाल सोडायचो, वाचायचो, लिप्यंतर करायचो.” काही नाही! २०२३ च्या अखेरीला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती लागली, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. जमिनीच्या जुन्या वादात वकील मोडी वाचणाऱ्याला शोधत फिरतात. तासभर आम्ही बोललो. त्याच्या बायोडेटात वाक्य होतं, ‘मोडी लिपीतील अप्रकाशित साधनांचे लिप्यंतर करण्यात आले.’ त्याचं शेवटी असं झालं: ‘मी मोडी हस्ताक्षर वाचून देवनागरीत उतरवतो. जिथे अक्षर लागत नाही तिथे अंदाज भरत नाही, खूण करून ठेवतो. जुन्या तारखांचं इंग्रजी तारखांत रूपांतर करतो आणि दोन कागदांत तीच व्यक्ती आहे की नावसारखी दुसरी, हे पडताळतो.’

मी म्हटलं, हे छाप, आणि तुमच्या जिल्हा कोर्टाबाहेर जमिनीचे दावे चालवणाऱ्या पाच वकिलांना नेऊन दे. परवा त्याने सुधारलेला बायोडेटा पाठवला. दोनच पानं, स्वच्छ, एकही ‘करण्यात आले’ नाही. फक्त फोन नंबर टाकायला विसरलाय. ऐकत असशील तर आधी तो टाक, मग वाट.